चित्र पुढच्या पानावर का जातं?

समजा, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासाठी कुणी प्रबंध लिहितंय. होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिराचं वर्णन झालं, खाली फोटो जोडला. पीडीएफमध्ये मात्र फोटो उतरला खरोशाच्या लेण्यांच्या मजकुरात, म्हणजे नांदेड सोडून थेट लातूर जिल्ह्यात!

प्रबंधाची साध्या मजकुराची मार्कडाउन फाइल पीडीएफ करताना पॅनडॉक हे रूपांतराचं साधन ती आधी लेटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत बदलतं, आणि घोळ तिथे होतो. स्वतंत्र परिच्छेदात एकटंच असलेलं, मथळा दिलेलं चित्र पॅनडॉक ‘आकृती’ समजतं. लेटेक आकृतीला तरंगती ठेवतं: उरलेल्या जागेत ती मावली नाही, तर नंतरचा मजकूर वर ओढून पान भरतं आणि आकृतीला पुढच्या पानाच्या माथ्यावर नेतं. अर्धं पान कोरं राहू नये, एवढाच हेतू. छापील पुस्तकाच्या दृष्टीने लेटेकचंच बरोबर आहे.

तरी चित्र जागीच हवं असेल, तर फाइलच्या शीर्षभागात लेटेकचं ‘फ्लोट’ पॅकेज घेऊन आकृत्यांची जागा कॅपिटल ‘एच’ अशी ठरवावी. मथळा नकोच असेल, तर चित्राच्या ओळीअखेर एक उलटी तिरकी रेघ पुरते. पुष्कळदा रुंदी ६० टक्के केली तरी काम भागतं. आणि प्रबंधात ‘खालील चित्रात’ असं लिहूच नये. ‘आकृती ३ पाहा’ लिहावं.