खेळाडू विद्यार्थी आणि करारपत्र

आपल्या अंबरनाथ पूर्वेकडील कित्येक मुलेमुली कबड्डी, खो-खो, क्रिकेटमध्ये नाव काढीत आहेत. खेळाच्या जोरावर प्रवेश आणि फी माफ म्हटले की आईवडील समोर येईल त्या कागदावर सही करतात. 'मधेच कॉलेज सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरू' असे त्यात असते. असाच एक कागद घेऊन एक पालक माझ्याकडे आले होते. मुलाने दुसरे कॉलेज धरले म्हणून दाखले अडविले होते. कागदावर सही मुलाचीच, वय सोळा!

भारतीय करार कायदा सन १८७२ चा आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात तसे स्पष्ट केले. मात्र पालकाने स्वतः हमी दिली असल्यास तो प्रश्न निराळा. सज्ञान मुलाच्या बाबतीतही कागदावरील रक्कम आपोआप वसूल होत नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय.

खेळाडूच्या कराराचा गाजलेला खटला श्रीरामपूरच्या झहीर खानचा. सन २००० मध्ये त्याने पर्सेप्ट डी'मार्क कंपनीशी तीन वर्षांचा जाहिरातविषयक करार केला. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आम्हाला दाखवावा, अशी त्यात अट होती. मुंबई उच्च न्यायालयात प्रथम कंपनीला मनाई हुकूम मिळाला, तो खंडपीठाने उठविला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये मुदतीनंतरचे असे बंधन कलम २७ खाली अवैध ठरविले. पण मुदत चालू असतानाची गोष्ट वेगळी, हे विसरू नये. शिवाय हे कलम धंदा-व्यवसायापुरते आहे. शिक्षणाला ते जसेच्या तसे लागेल असे समजू नये.

अमेरिकेत तर हा प्रश्न कोट्यवधींचा झाला आहे. तेथे २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्याच वर्षी जूनमध्ये, आमच्याशी करार केलेला खेळाडू फूस लावून नेला, असा आरोप करीत विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर दावा लावला.

आपल्याकडे भांडण बहुधा दाखल्यांचेच. पदवी महाविद्यालयांनी मूळ दाखले तपासून लगेच परत करावेत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचनेद्वारे बजावले आहे. तेव्हा दाखले मागताना अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी.