डब्यात ठेवलेला रेसलिंगचा बेल्ट चिकट का होतो?

माळ्यावरचा जुना डबा खाली काढला. आत लहानपणी जमवलेल्या रेसलिंगच्या ॲक्शन फिगर्स. फिगर बऱ्यापैकी जशीच्या तशी आहे, पण तिच्या कमरेचा चॅम्पियनशिप बेल्ट हाताला चिकटतोय, खुर्चीचे पाय वाकलेत आणि जॅकेटच्या 'लेदर'च्या खपल्या निघतायत. एकाच डब्यातल्या वस्तूंची अशी वेगवेगळी अवस्था का होते? याचं उत्तर त्यांच्या मटेरियलमध्ये आहे.

ॲक्सेसरीजना इतकं महत्त्व का?

अमेरिकेत १९८४ मध्ये एलजेएन कंपनीने आणलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या फिगर्स म्हणजे सुमारे आठ इंचांचे भरीव रबरी पुतळे होते. त्यांचे हातपाय हलायचे नाहीत. १९९० मध्ये हॅस्ब्रोच्या छोट्या, कडक प्लॅस्टिकच्या फिगर्स आल्या. पुढे जॅक्स पॅसिफिककडे आणि २०१० पासून मॅटेलकडे हे काम गेलं. मॅटेलच्या 'एलिट' मालिकेत काढता-घालता येणारे कपडे, बेल्ट अशा वस्तू फिगरसोबतच मिळतात.

त्यामुळे संग्राहकांच्या बाजारात दोन शब्द रुळले: 'लूज' म्हणजे पाकिटातून काढलेली फिगर आणि 'कम्प्लीट' म्हणजे सोबतच्या सगळ्या वस्तू शाबूत असलेली. बेल्ट तुटलेला किंवा हरवलेला असेल, तर किंमत उतरते.

बेल्ट मऊ का असतो?

फिगरच्या कडक भागांसाठी बहुतेकदा एबीएससारखं टणक प्लॅस्टिक वापरतात. बेल्ट मात्र कमरेभोवती वळायला हवा, म्हणून तो मऊ पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ करण्यासाठी तेलकट रसायनं मिसळतात. त्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात.

मऊ मटेरियल म्हणजे फक्त काटकसर, असं नाही. खेळण्याला बोचरी टोकं नसावीत असा सुरक्षेचा नियम असतो. काठी किंवा शिडी मऊ ठेवली की हा प्रश्न सुटतो. पण मग शिडीचे पाय वाकतात आणि बेल्टची बारीक खुंटी चार-पाच वेळा लावल्या-काढल्यावर तुटू शकते.

मग चिकटपणा कुठून येतो?

प्लॅस्टिसायझर पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तो फक्त त्यात मिसळलेला असतो. वर्षं जातात तसा तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. उष्णतेत हा वेग वाढतो. हाताला लागतो तो थर हाच. त्यावर धूळ बसते. असा बेल्ट कडक प्लॅस्टिकला टेकून राहिला, तर प्लॅस्टिसायझर तिथेही उतरतो आणि तो भाग मऊ पडतो किंवा त्यावर डाग उमटतो. म्हणजे खराब होणारा बेल्ट फिगरलाही खराब करू शकतो.

नवा बेल्टही बेढब का दिसतो?

सहा फुटांचा पैलवान सहा इंचांत आणायचा, म्हणजे सगळं बारापट लहान करायचं. खऱ्या बेल्टची पट्टी सहा मिलिमीटर जाड धरली, तर छोट्या बेल्टची जाडी अर्धा मिलिमीटर भरते. इतकी पातळ वस्तू मुलाच्या हातात टिकणार नाही, म्हणून ती जाड करावी लागते. कापडाचंही तेच. कापड पातळ मिळतं, पण दोरा आणि शिवण बारापट बारीक होत नाही. म्हणून छोटा झगा अंगावर फुगल्यासारखा दिसतो.

'लेदर'च्या खपल्या का निघतात?

छोट्या जॅकेटचं लेदर बहुतेकदा कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं असतं. हवेतल्या ओलाव्याने या थराची रासायनिक फोड होते. त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे जॅकेट डब्यात नुसतं ठेवलं तरी सोलवटतं.

जुन्या फिगर्स मुलांना द्याव्यात का?

पूर्वी प्लॅस्टिसायझर म्हणून थॅलेट्स सर्रास वापरले जायचे. आरोग्याच्या चिंतेमुळे अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांतल्या ठरावीक थॅलेट्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या लहानपणीच्या फिगर्स या नियमांच्या आधीच्या असू शकतात. त्यामुळे वस्तू तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती जुना, चिकट बेल्ट देऊ नये. छोटा तुकडा गिळला जाण्याची भीती तर असतेच.

संग्रह कसा सांभाळाल?

- बेल्ट फिगरच्या कमरेवर कायमचा ठेवू नका. काढून स्वतंत्र काचेच्या बरणीत ठेवा.
- माळा, गाडीची डिकी आणि उन्हाची खिडकी टाळा.
- चिकट बेल्ट कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळवा. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, रंग निघून येईल.
- वाकलेली खुर्ची गरम पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा.
- लेदरच्या जॅकेटजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.

एवढं करूनही प्लॅस्टिकचं म्हातारपण टळत नाही, फक्त लांबतं. म्हणून जुनी फिगर विकत घेताना विक्रेत्याकडे बेल्टच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. रंग पुढून दिलेला असतो, मटेरियलची खरी अवस्था मागे दिसते.