‘नोएफएस’ची शपथ

रोजकीर्द उघडी आहे, नोंद अर्धी लिहून झाली आहे आणि कारकुनाचा कागद संपला. तो कोठीवर गेला. कोठीवाला म्हणाला, “कोरा कागदच शिल्लक नाही. आधी जुन्या फायली तूच निकाली काढ.” फाइल निकाली काढायची तर तिची नोंद रोजकीर्दीत हवी, आणि चालू नोंद संपेपर्यंत रोजकीर्दीत दुसरं काही लिहायचं नाही. कारकून स्वतःचीच वाट पाहत बसला.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हा प्रसंग खरोखर ओढवू शकतो. एक्सएफएस किंवा एक्सटी४ सारखी फाइलसिस्टिम आपले बदल आधी जर्नलमध्ये टिपते. या टिपण्याच्या व्यवहाराच्या मध्यावर, कुलूप (लॉक) हातात असताना, तिला मेमरी लागते. ४०९६ बाइटांचं एखादं पान. मेमरी भरलेली असेल, तर कर्नल मागणाऱ्यालाच साफसफाईला जुंपतो. कॅशमधले जुने इनोड, म्हणजे फाइलींच्या माहितीच्या नोंदी, काढायला हा मागणारा पुन्हा फाइलसिस्टिमच्याच कोडमध्ये शिरतो आणि स्वतःच लावलेल्या कुलपाशी अडकतो. बरं, आठ पानांपर्यंतच्या मागणीला कर्नल सहसा नकारही देत नाही, प्रयत्न करतच राहतो. नकार मिळाला असता तर निदान सुटका झाली असती!

म्हणून मागणीसोबत एक अट पाठवतात: ‘जीएफपी नोएफएस’. मेमरी दे, पण ती मोकळी करायला फाइलसिस्टिमच्या वाटेला जाऊ नकोस. (डिस्कला हातच लावायचा नसेल, तर त्याहून कडक ‘नोआयओ’ आहे.)

ही अट फुकट मिळत नाही. फाइलसिस्टिमची कॅश मोकळी करण्याची वाट बंद होते आणि अशा मागणीसाठी कर्नल एरवी ओओएम किलरलाही (मेमरी संपल्यावर एखादा प्रोग्राम बंद पाडणाऱ्या यंत्रणेला) बोलावत नाही. तरीही प्रोग्रामर ती ‘असू दे, नडायला नको’ म्हणून लावत गेले. मला हे दृष्ट लागू नये म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधण्यासारखं वाटतं.

२०१७ मध्ये कर्नल ४.१२ ने यावर शहाणा तोडगा आणला. ‘मेमॲलोक नोएफएस सेव्ह’ म्हणायचं, व्यवहार करायचा आणि ‘रिस्टोर’ म्हणून अट उठवायची. मधल्या सगळ्या मागण्यांना ती आपोआप लागू होते. कुलूप कुठे लागलं आणि कुठे सुटलं, तेही कोडमध्ये दिसतं. कारण लिहून ठेवावं, अशीही अपेक्षा आहे. मात्र आधीच्या काळात, कारण न लिहिता टाकलेले ‘नोएफएस’ काढायचे कसे? तिथे खरंच कुलूप होतं की नुसती भीती, हे कोड वाचून सहज कळत नाही.