उधाणाला मासे, भांगाला गोळ्या

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात उरणच्या मोरा बंदराला लागते. ओहोटी फार खाली गेली की गाळामुळे ती धक्क्याला लागत नाही, आणि फेरी रद्द होते. उरणकरांना याची सवय आहे. दवाखान्याची तारीख हुकली तर ‘लाँच नव्हती’ एवढं सांगून भागतं. एचआयव्हीच्या औषधांच्या बाबतीत मात्र भागत नाही. गोळ्या थांबल्या की साधारण दोन ते चार आठवड्यांत रक्तातले विषाणू पुन्हा वाढायला लागतात, आणि माणसाला कित्येक महिने त्याचा पत्ताही लागत नाही. तो जाळं ओढतोय, जेवतोय, लग्नाच्या हळदीला नाचतोय. मग गोळी कशाला, असं त्याला वाटणं अगदी साहजिक आहे.

औषध मिळतच नाही असे दिवस होते. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने देशातल्या आठ रुग्णालयांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, फुकट द्यायला सुरुवात केली. त्यात मुंबईचं जे. जे. होतं. आज बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी रोज एकदा घ्यायची असते. ती नेमाने घेतली, व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासे झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. तेव्हा अडचण औषधाची उरलेली नाही, वर्षानुवर्षं टिकून राहण्याची आहे.

समजा, मोरा कोळीवाड्यातला चाळिशीचा एक माणूस आहे. नेमका कोणी माझ्या डोळ्यांपुढे नाही, आणि हा आजार काही एकाच वस्तीचा नाही. पण बंदरावरचा माणूस घेतला की गोष्ट नीट दिसते. त्याचा सकाळचा चहा कोणाकडे झाला हेही शेजारी सांगतील. नातेवाईक, जमात, बोटीवरची माणसं, सगळी एका हाकेवर. आजारपणात गाव धावून येतं ते यामुळेच. पण तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या रांगेत मागे वहिनी उभी असते, तीही यामुळेच. मग तो पाणी ओलांडून मुंबई गाठतो. धक्क्यावर उतरलं की भायखळ्याचं जे. जे. फार लांब नाही, आणि तिथे त्याला कोणी ओळखत नाही. लांबचं एआरटी केंद्र हे अज्ञानातून नव्हे, पूर्ण विचार करून निवडलेलं असतं. त्याची किंमत मात्र दर वेळी एका दिवसाची मजुरी आणि भरती-ओहोटीची मर्जी.

म्हणजे माणसांचं जाळं त्याच्याकडे भरपूर आहे. त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, फार बारीक आहे, त्यातून काहीच सुटत नाही. त्याला हवंय दुसरं, दोन-तीन माणसांचं, त्याने स्वतः निवडलेलं.

ते विणायला सुरुवात होते केंद्रात नाव नोंदवतानाच. समुपदेशक विचारते, घरात कोणाला माहीत आहे? उत्तर बहुधा ‘बायकोला’ किंवा ‘कोणालाच नाही’. मग पुढचा प्रश्न: सांगायचंच झालं तर कोणाला सांगाल? इथे घाई केली की माणूस पुन्हा येत नाही. आई, मेहुणा, बालमित्र, कोणीही चालेल. एक नाव पुरतं. त्या माणसाचं काम गोळीची आठवण करणं आणि तारखेला ‘आज माझ्याबरोबर चल’ म्हणून सोबत जाणं. फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता, कोणत्या नावाने करायचा, घरी आलेलं चालेल का, हे विचारून लिहून घेतलं जातं. परवानगी नसेल तर कोणी दारात जात नाही.

दुसरी गाठ केंद्रातच असते. तिथला केअर कोऑर्डिनेटर बहुधा स्वतः एचआयव्हीसह जगणारा असतो. ‘मीपण हीच गोळी घेतो’ हे त्याचं एक वाक्य डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या समजावण्यावर मात करतं. संध्याकाळी आज कोण आलं नाही याची यादी निघते आणि फोन सुरू होतात. फोन लागला नाही तर यादी ‘विहान’ या २०१३ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातल्या काळजी व आधार केंद्राकडे जाते, आणि तिथला क्षेत्रकार्यकर्ता शोधायला निघतो. दारात तो आजाराचं नाव काढत नाही. तो रागावतही नाही. का आला नाहीस, यापेक्षा काय झालं होतं, हे विचारतो. बोट गेली होती, भाड्याला पैसे नव्हते, दारू वाढली होती, बायकोला कळलं होतं. प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि गोळीचा उपदेश त्यातल्या एकाचाही उपाय नाही. भाड्याच्या पैशांसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणं हा मात्र आहे.

कोविडच्या लॉकडाऊनमध्ये गाड्या थांबल्या तेव्हा एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देणं आणि घरपोच पोचवणं हे अशाच माणसांनी निभावलं. मोझांबिकच्या टेटे प्रांतात तर २००८ पासून सहा-सहा जणांचे गट आहेत. दर महिन्याला एकाने दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. सहा जणांत प्रत्येकाची खेप सहा महिन्यांतून एकदा. आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेबरोबर काम करणाऱ्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी ‘व्हॅम्प’ ही स्वतःची संघटना १९९६ साली उभी केली. तिचं बळही एकमेकींच्या मागे उभं राहण्यातच आहे.

सगळं असं गोड नाही. एक गाठ सैल झाली, एक जण बाहेर बोलला, की गटातले सहाही जण गायब होतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला, संमतीशिवाय कोणाची ही माहिती उघड करायला मनाई करतो. पण कट्ट्यावरच्या गप्पा कायद्याला विचारून होत नाहीत. सवलतींचंही तसंच. एसटीत या रुग्णांना प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी गावच्या ओळखीच्या कंडक्टरपुढे कार्ड धरावं लागतं. कितीतरी जण निमूट पूर्ण तिकीट काढतात, आणि मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही.

घरातही लपवाछपवी असते. केंद्राने नोंदींसाठी दिलेलं हिरवं पुस्तक तांदळाच्या डब्याखाली जातं. बोटीवर गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून तिच्यात कापसाचा बोळा. सोबतीच्या माणसाला यातलं सगळं माहीत असतं. बोटीवर नेण्याआधी बोळा कोरडा आहे ना, हेही तोच बघतो.

आणि तारीख. केंद्राचं कॅलेंडर सोमवार-मंगळवारावर चालतं, कोळ्यांच्या डोल जाळ्याचं तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, तेव्हा मासळी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे प्रवाह मंद, तेव्हा बोटी किनाऱ्याला. भांगाची ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळे लाँचही सहसा चुकत नाही. हे समुपदेशकाला पुस्तकातून कळत नाही, कोळीवाड्यातला कार्यकर्ता सांगतो. मग हिरव्या पुस्तकात पुढची तारीख पडते ती अष्टमीच्या दुसऱ्या दिवशीची, आणि वर्षाची व्हायरल लोड तपासणी जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा.