गढूळ बिअर, निवळ बिअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी बिअर बनवायला ब्रिटनमध्ये परवाना लागत असे. ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडावं लागलं. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं आजही गुन्हा आहे. घरच्यापुरती आणि थोडीशीच केली म्हणून सूट मिळत नाही. तेव्हा पुढची माहिती वापरायची ती जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यांनी. बाकीच्यांना निदान पेल्यात काय आहे आणि काय नाही, एवढं तरी कळेल.

गैरसमज : गढूळ बिअर म्हणजे बिघडलेली बिअर.

वस्तुस्थिती : बिअर पारदर्शकच असावी ही अपेक्षा फार जुनी नाही. बोहेमियातल्या प्लझेन्य गावी जोसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने १८४२ मध्ये सोनेरी, निवळ लागर बनवली. त्याच काळात काचेचे पेले स्वस्त होऊ लागले आणि पेय आरपार दिसणं ही मिरवण्याची गोष्ट झाली. त्याआधी माती, लाकूड किंवा कथलाच्या भांड्यातून पिणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडतच नव्हता.

आजही जर्मनीची हेफेवाइझन, बेल्जियमची विटबिअर आणि अमेरिकेच्या ईशान्येकडून आलेली न्यू इंग्लंड आयपीए या बिअर मुद्दाम धूसर ठेवतात. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत मिळणारी गव्हाची बिअरही याच घराण्यातली. हेफेवाइझन फायनिंग (म्हणजे बिअर निवळवणारा पदार्थ) घालून निवळायला जाणं म्हणजे तिचा स्वभावच काढून घेणं. बिअर बिघडली की नाही हे नाकाला आणि जिभेला विचारावं. नको तिथे आंबट वास आणि बाटली उघडताच उसळून येणारा फेस ही जंतूसंसर्गाची लक्षणं असू शकतात. अशी बिअर फायनिंगने दिसायला सुधारेल, चवीला नाही.

गैरसमज : फायनिंग म्हणजे बिअरमध्ये मिसळलेलं रसायन, ते आपल्या पोटात जातं.

वस्तुस्थिती : पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाला बसते. फायनिंगचं काम याच जातीचं आहे. बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो. त्या आम्लतेत यीस्टच्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, तर जिलेटिन आणि माशापासून मिळणारं आयसिंग्लास यांच्यावर धन. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि बारीक कणांचे मोठे पुंजके होतात. द्रवात कण किती वेगाने बुडतो याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला : व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. त्यामुळे जे बसायला आठवडे लागले असते ते दोन-तीन दिवसांत बसतं. फायनिंगचा बहुतेक भाग त्या साक्याबरोबर तळाशीच राहतो, बिअर वरून काढून घेतात. शुद्धतेच्या नियमासाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतसुद्धा पीव्हीपीपी हे फायनिंग चालतं, कारण ते नंतर गाळून काढलं जातं.

गैरसमज : कोणतंही फायनिंग कोणत्याही गढूळपणावर चालतं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त पैसे आणि बिअर वाया जाते ती या समजुतीपायी. गढूळपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक फायनिंग ठरावीक कणच पकडतं.

पहिलं कारण यीस्ट. त्यावर आयसिंग्लास आणि जिलेटिन चांगले. यीस्टच्या जातीनेही फरक पडतो. बऱ्याच इंग्लिश एल यीस्ट आपणहून गठ्ठे करून खाली बसतात, हेफेवाइझनची यीस्ट मात्र तरंगत राहते.

दुसरं कारण प्रथिनं. मॉल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, जास्तीची प्रथिनं उकळतानाच काढणं सोयीचं. त्यासाठी आयरिश मॉस किंवा त्यापासून केलेली व्हर्लफ्लॉकची गोळी वापरतात. आयरिश मॉस ही अटलांटिक किनाऱ्यावरची तांबडी सागरी वनस्पती. तिच्यातलं कॅराजिनन ऋणभारित असल्याने ते प्रथिनांना धरतं, यीस्टला नाही. म्हणूनच आंबवणं संपल्यावर बादलीत आयरिश मॉस टाकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ते घालायची वेळ म्हणजे उकळीची शेवटची १० ते १५ मिनिटं.

तिसरं कारण चिल हेझ, म्हणजे थंडीतलं धुकं. मॉल्टमधली काही प्रथिनं आणि मॉल्ट व हॉप्समधली पॉलिफेनॉल्स थंडीत सैलसर जोडली जातात आणि बिअर धूसर दिसते. ती कोमट झाली की जोड सुटतो आणि पेला पुन्हा निवळतो. हीच याची ओळख. पीव्हीपीपी पॉलिफेनॉल्स पकडतं, सिलिका जेल प्रथिनं पकडतं. दोघांपैकी एक काढलं तरी जोडी जमत नाही. बिअर खूप थंड करून मगच जिलेटिन घालायचं कारणही हेच : धुकं आधी तयार झालं, तर ते पकडता येतं.

चौथं कारण स्टार्च. धान्य भिजवताना सगळ्या स्टार्चची साखर झाली नाही, तर पुढे कुठलंच नेहमीचं फायनिंग उपयोगी पडत नाही. म्हणून त्याच टप्प्यावर थोडा द्रव बशीत काढून त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. रंग निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. तपासलेला द्रव मात्र फेकूनच द्यायचा. पाचवं कारण पेक्टिन. आंबा, पेरू अशी फळं घातलेल्या बिअरमध्ये ते असतं आणि त्यावर पेक्टिन तोडणारं एन्झाइमच लागतं.

गैरसमज : फायनिंग जितकं जास्त, तितकी बिअर स्वच्छ; आणि ते चांगलं उकळून घ्यावं.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. वीस लिटर बिअरला साधारण एक चहाचा चमचा जिलेटिन पुरतं. जास्त घातलं तर तळाचा साका घट्ट न बसता फुसफुशीत राहतो, धक्का लागताच वर येतो आणि चांगली बिअर त्याच्यात अडकून वाया जाते. कधी जास्तीचं फायनिंग स्वतःच गढूळपणा आणतं.

उष्णतेच्या बाबतीत जिलेटिन आणि आयसिंग्लास हे दोन भाऊ उलट स्वभावाचे आहेत. दोघांचं मूळ कोलॅजन. जिलेटिन थंड पाण्यात भिजवून ६५ ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात, म्हणजे ते विरघळतं. त्याला उकळी मात्र आणत नाहीत. आयसिंग्लासमध्ये कोलॅजनची तीनपदरी वीण शाबूत असते आणि तिच्यातच त्याची ताकद असते. ते तापवलं की वीण उसवते आणि उरतं ते साधं जिलेटिन. म्हणून आयसिंग्लास कायम थंड जागी ठेवावं.

गैरसमज : फायनिंगने यीस्ट निघून जाते, मग बाटलीत फेस तयार होत नाही.

वस्तुस्थिती : डोळ्यांना निवळ दिसणाऱ्या बिअरमध्येही यीस्टच्या भरपूर पेशी उरतात. ब्रिटनच्या पबमधली कास्क एल हा याचा रोजचा पुरावा. तिच्यात आयसिंग्लास घालतात, तरी पिंपातल्या यीस्टचं काम चालूच असतं आणि वायू तयार होतो. घरच्या बाटल्यांना कदाचित थोडे दिवस जास्त लागतील, इतकंच.

गैरसमज : बिअर धान्याची, म्हणजे शाकाहारीच.

वस्तुस्थिती : आयसिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं, जिलेटिन डुकराच्या किंवा गुराच्या कातडी-हाडांपासून. एके काळी ब्रिटनमध्ये स्टर्जन माशाचं महागडं आयसिंग्लास रशियाहून येत असे. वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या विल्यम मर्डॉक यांनी १७९५ च्या सुमारास कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला आणि लंडनच्या बिअर उत्पादकांनी त्यासाठी त्यांना २,००० पौंड मोजले. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा सापडला की त्याच्या ज्या भोतासाठी व्यापारी धावतात, तोही अवयव हाच. त्याला खरा भाव मात्र सिंगापूर, हाँगकाँगकडच्या खवय्यांमुळे येतो.

आता बरेच उत्पादक माशाशिवाय काम भागवतात. गिनेसने आयसिंग्लास सोडत असल्याचं २०१५ मध्ये जाहीर केलं. तरीही युरोपात बिअर निवळण्यासाठी वापरलेल्या आयसिंग्लासची ॲलर्जीच्या यादीत नोंद करणं सक्तीचं नाही, त्यामुळे केवळ लेबलवरून खात्री होत नाही. घरी बनवणाऱ्या शाकाहारी माणसाला आयरिश मॉस, सिलिकापासून केलेलं द्रव फायनिंग आणि पीव्हीपीपी हे तिन्ही पर्याय मोकळे आहेत.

गैरसमज : निवळ बिअरमध्ये ग्लूटेन नसतं.

वस्तुस्थिती : दिसण्याचा आणि ग्लूटेनचा संबंध नाही. चिल हेझ रोखण्यासाठी काढलेलं एक एन्झाइम ग्लूटेनही बरंच तोडतं हे खरं. पण अमेरिकेत बार्ली-गव्हाच्या अशा बिअरला ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणता येत नाही. सिलिअॅक आजार असलेल्यांनी तिच्यावर विसंबू नये.

गैरसमज : फायनिंगशिवाय बिअर निवळतच नाही.

वस्तुस्थिती : उत्तम लागर पिढ्यान्‌पिढ्या थंड तळघरात आठवडेच्या आठवडे ठेवूनच निवळत आली आहे. धान्य नीट भिजवलं, जोमदार उकळी दिली, द्रव झटपट थंड केला आणि आंबवणं संपल्यावर बिअर शून्य ते दोन अंशांवर ठेवली, तर बहुतेक वेळा वेगळं काही घालावं लागत नाही. फायनिंग वेळ वाचवतं, कारागिरीची उणीव भरून काढत नाही. म्हणून पुढची पुडी विकत घेण्याआधी एक करा : धूसर बिअरचा पेला अर्धा तास बाहेर ठेवा. निवळला तर चिल हेझ आहे, पीव्हीपीपी आणा. तसाच राहिला तर बिअर आणखी आठवडाभर थंडीत राहू द्या. खालचा साका वाढला आणि वर निवळ दिसू लागली, तर ती यीस्ट होती, आणि तुमचे पैसे वाचले.