पंचवीसपैकी सात

मुद्राचित्राच्या खाली कागदाची जी मोकळी पट्टी सोडलेली असते, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं : डावीकडे ७/२५, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल. पाहणाऱ्याचं लक्ष चित्राकडे जातं; जमवणाऱ्याचं लक्ष त्या आकड्याकडेही जातं. या प्लेटवरून पंचवीस ठसे काढले, त्यांतला हा सातव्या क्रमांकाचा, आणि सव्विसावा निघणार नाही, असं तो आकडा सांगतो. हा चित्रकाराने दिलेला शब्द आहे. मुद्राचित्रांचा सारा संग्रह या शब्दावर उभा असतो.

तरीही ‘छापील म्हणजे नक्कल’ ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. तिचं कारण आपल्या भिंतींवरच होतं. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली, १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या दोन छापखान्यांनी देवदेवतांची रंगीत चित्रं घरोघरी पोचवली. हे उपकार लहान नाहीत. पण रविवर्म्याच्या बाबतीत मूळ कृती तैलचित्र होती आणि छापलेला कागद तिची प्रतिकृती. शिवाय प्रती हव्या तितक्या निघत.

मुद्राचित्रकाराचं काम वेगळं आहे. त्याच्याकडे आधी रंगवलेलं ‘मूळ’ चित्र नसतं. तो जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर, लाकडावर, लिनोलियमवर, दगडावर काम करतो आणि चित्र पहिल्यांदा पुरं होतं ते कागदावर. म्हणून पंचवीस ठसे असले तर पंचवीसही मूळ कृती असतात.

ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. पेशवाईच्या अखेरीस इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यातल्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायची कला शिकून घेतली. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापायची होती. ते त्यांच्या हयातीत झालं नाही. पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली अशाच कोरलेल्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. धातूवर उलटं कोरायचं आणि कागदावर सुलटं उमटवायचं, हे त्या कारागिराला साधलं होतं.

आज एचिंग करणारा चित्रकार काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. पत्र्यावर तो मेणाचा आणि डांबराचा पातळ थर देतो. त्यावर सुईने रेघ ओढली की थर निघतो आणि धातू उघडा पडतो. मग पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल फक्त उघड्या रेघा खातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि छपाईत तितकी काळी. छायेसाठी राळेची बारीक पूड पत्र्यावर भुरभुरून, तापवून चिकटवतात. त्याला ॲक्वाटिंट म्हणतात. नंतर शाई चोळायची, जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि वर लोकरीची घडी घालून पत्रा दोन रुळांमधून काढायचा. रेघेत साठलेली शाई कागद खेचून घेतो. प्रत्येक ठशाला शाई नव्याने भरायची, नव्याने पुसायची. पंचवीस ठसे म्हणजे पंचवीस वेळा ही सगळी मेहनत.

संख्येला मर्यादा का, याचं पहिलं उत्तर धातूच देतो. ड्रायपॉइंटमध्ये सुईने थेट पत्र्यावर ओरखडा काढतात, तेव्हा रेघेच्या काठाला धातूची बारीक खरवड उभी राहते. तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. रुळाच्या दाबाखाली ही खरवड लवकर चेपते, त्यामुळे सुरुवातीच्या मोजक्या ठशांनंतर तो मऊपणा जातो. पण ही मर्यादा ठशावर लिहून दाखवणं नंतर आलं : रेम्ब्रांटने आपल्या ठशांवर असे आकडे घातले नव्हते. आकडा आणि सही पेन्सिलीने लिहायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळत गेली.

भारतात या माध्यमाला आधुनिक वळण मिळालं त्यात पॅरिसच्या ‘आतलिए १७’ या स्टुडिओचा वाटा मोठा. स्टॅन्ली विल्यम हेटर तो चालवत. कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) तिथे हेटर यांचे सहकारी झाले आणि एकाच प्लेटवरून, एकाच दाबात अनेक रंग छापायची पद्धत त्यांनी विकसित केली. जवसाच्या तेलाने पातळ केलेली शाई कडक रुळाने वरच्या पृष्ठावर लावायची, मग दाट शाई मऊ रुळाने खालच्या पातळीवर. दाट शाई तेलकट शाईवर बसत नाही, म्हणून रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कंवल कृष्ण आणि इंदूरच्या, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या देवयानी कृष्ण यांनी दिल्लीत हे माध्यम रुजवलं. बडोद्यात ज्योती भट्ट, दिल्लीत अनुपम सूद यांनी शिकवता शिकवता पिढ्या घडवल्या. शांतिनिकेतनात सोमनाथ होर यांनी ‘जखमा’ या मालिकेत शाईच वर्ज्य केली. कागदाच्या लगद्यावर पांढऱ्यावर पांढरी जखम उमटवली. झरीना हाश्मी यांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या मालिकेत ३६ लाकूडठसे आहेत आणि तिची आवृत्ती अवघी २५ संचांची.

मुंबईचंही या कथेत नाव आहे. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद नंतर अंधेरीत येऊन राहिले आणि तिथल्या साध्या खोलीत लिनोकट करत राहिले. अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात नेहरू फेलोशिपच्या पैशांतून जी कार्यशाळा चालवली, तिथे सिनेमाच्या कॅमेऱ्याबरोबर एचिंगची सोयही होती. भोपाळच्या भारत भवनात १९८९ पासून आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिकी सुरू झाली आणि बडोद्यात १९९९ साली ‘छाप’ ही सामायिक प्रेसची संस्था उभी राहिली. ज्याच्याकडे स्वतःचा प्रेस नाही, अशा चित्रकाराला असा सामायिक प्रेसच काम चालू ठेवायला मदत करतो.

मीही सुरुवातीला फसलो. एका विक्रेत्याकडून ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून घेतलेलं चित्र भिंगाखाली धरलं, तेव्हा सगळीकडे शाईच्या फवाऱ्याचे सूक्ष्म ठिपके दिसले. तो एका तैलचित्राचा संगणकीय छाप होता. अशा छापाला १९९१ पासून ‘जिकले’ हे भारदस्त नाव मिळालं आहे. चित्रकाराने संगणकावरच घडवलेली कृती प्रामाणिक असू शकते. पण तैलचित्राचा फोटो छापून त्यावर १४/५०० लिहिणं वेगळं. साल्वादोर दालीने तर हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. त्यामुळे त्याच्या नावाच्या उत्तरकाळातल्या ठशांवर संशयाचं सावट कायमचं राहिलं. शब्द मोडला की आकड्याची किंमत उरत नाही.

म्हणून घेण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. एचिंग असेल तर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र) आणि सेरिग्राफला (जाळीतून छापलेल्या चित्राला) तो नसतो, हेही लक्षात ठेवावं. ‘ए/पी’ म्हणजे आवृत्तीच्या आकड्याबाहेर चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेले ठसे; ते किती आहेत ते विचारावं. आवृत्तीची नोंद मागावी. आवृत्ती संपल्यावर प्लेटवर काट मारली का, हेही विचारावं. हे प्रश्न चांगल्या चित्रकाराला आवडतात.

घरी आणल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. कागदाला आपला पावसाळा आणि कसर हे दोन शत्रू. कडा कधीही कापू नयेत, चिकटपट्टी लावू नये. आम्लमुक्त माउंट वापरावा, चित्र जपानी कागदाच्या बिजागरीने आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगावं, काच कागदाला टेकू देऊ नये. पावसात ओल धरणारी भिंत टाळावी, थेट उन्हाची तर टाळावीच.

तरुण मुद्राचित्रकाराचा ठसा त्याच्याच रंगचित्रापेक्षा सहसा बराच स्वस्त मिळतो. मूळ कलाकृती मध्यमवर्गीय घरात येण्याची वाट याहून सोपी नाही. कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत मुद्राचित्रणाचा कोपरा असतो आणि तिथे गर्दी कमी असते. या वर्षी तिथे जा. विद्यार्थ्यांना प्लेट दाखवायला सांगा, शाईचे हात बघा, आणि आवडलेला एक ठसा विकत घ्या. पंचवीस जणांनी पंचवीस ठसे घेतले, की त्या चित्रकाराच्या पुढच्या प्लेटचा, कागदाचा आणि शाईचा खर्च निघतो.