कणीक खाणारा पखवाज आणि गाणारी थाळी

चल, आटप लवकर! पाण्याची बाटली भर, खिशात मूठभर शेंगदाणे टाक. आज दिवसभर फिरायचंय. वाद्यं बघायला!

प्रदर्शन कुठे आहे म्हणून विचारशील, तर साक्रीच्या डोंगरांपासून थेट जळगावच्या नाट्यगृहापर्यंत! इथे काचेची कपाटं नाहीत. ‘हात लावू नये’ अशी पाटी नाही. आणि आपली गाडी आहे मनाची. तिला पेट्रोल लागत नाही आणि कॅलेंडरही लागत नाही. सकाळी मार्गशीर्ष, संध्याकाळी जानेवारी, हे तिला सहज जमतं!

पण निघण्याआधी एक काम कर. स्वयंपाकघरात डोकावून ये. काय काय दिसतंय? थाळी. भोपळा. कणकेचा गोळा. पिठाचा डबा. खिडकीत ठेवलेलं दोऱ्याचं रीळ. नीट बघून ठेव हं. आज ही सगळी मंडळी आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. कुठे? ते आत्ताच नाही सांगणार!

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला साक्री तालुका आहे. साक्रीच्याही पश्चिमेला गेलं की डोंगर सुरू होतात. डोंगरापलीकडे डांग नावाचा मुलूख. या डोंगरांत कोकणा लोक राहतात. नाव कोकणा, पण गाव कोकणात नाही बरं का!

रात्र झालीय. शेकोटीभोवती माणसं बसलीत. कथा रंगात आलीय. देवांची कथा, राजांची कथा, रामायणसुद्धा! आणि मागे एकच एक सूर चाललाय. घूंऽऽऽऽ. थांबतच नाही. जणू शेकडो भुंगे मिळून गातायत.

ओळख बघू, हे कोणतं वाद्य?

बासरी? नाही. सनई? मुळीच नाही. जवळ ये, वाकून बघ. कथेकऱ्याच्या पुढ्यात आहे एक थाळी! हो, जेवायची असते तशी काशाची थाळी. तिच्या मधोमध मधमाश्यांच्या मेणाचा गोळा चिकटवलाय. त्या मेणात एक बारीक काडी उभी रोवलीय. कथा सांगणारा आपली बोटं त्या काडीवरून वरून खाली, वरून खाली घसरवतो. आधी एक हात, मग दुसरा. बस, एवढंच! आणि थाळी गाऊ लागते!

हे कसं काय होतं? वर्गातला बाक जमिनीवरून ओढला की तो कसा किंचाळतो, आठव. बाकाचा पाय सरळ सरकत नाही. तो जरा अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, पुन्हा सुटतो. एका सेकंदात शेकडो वेळा! काडीवरची बोटंही तशीच अडकत-सुटत खाली येतात. त्यामुळे काडी थरथरते. ही थरथर मेणातून थाळीत उतरते.

बिचारी काडी एवढीशी. ती एकटी थरथरून किती हवा हलवणार? पण थाळी आहे रुंद. उकाड्यात पेन्सिलीने वारा घालून बघ, काही होत नाही. वहीने घाल, कसं गार वाटतं! थाळीचंही तसंच. ती भरपूर हवा हलवते, आणि ती हललेली हवा आपल्या कानावर येऊन आपटते. आवाज म्हणजे दुसरं काय? थरथरणारी हवा!

आणि थाळी काशाचीच का? कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण. हा धातू एकदा थरथरायला लागला की लवकर गप्प बसत नाही. म्हणून तर देवळातली घंटाही काशाची करतात. मला विचारशील तर जगातल्या सगळ्या वाद्यांत ही थाळी मला सगळ्यात जास्त आवडते. एक थाळी, थोडं मेण आणि एक काडी. दुकानात जायलाच नको!

याच डोंगरांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. तेव्हा वाजते पावरी. तिच्यात आपला भोपळा आहे, बरं का! वाळवलेला, पोकळ भोपळा. त्याला बांबूच्या नळ्या जोडलेल्या. टोकाशी पसरत गेलेला कर्णा. पावरीवाला फुंकतो, माणसं गोल धरून नाचतात, आणि सूर काही तुटत नाही.

आता तू म्हणशील, तो श्वास कधी घेतो मग?

हीच तर गंमत! तो फुंकता फुंकता श्वास घेतो! त्याचे गाल फुग्यासारखे फुगलेले असतात. ती असते त्याची हवेची टाकी. नाकाने हवा आत घेताना तो गाल दाबून साठवलेली हवा बाहेर सोडतो. नळाला पाणी येवो न येवो, गच्चीवरची टाकी भरलेली असली की घरात पाणी चालूच, तसं!

तुलाही करून बघता येईल. अंगणात जा. तोंडात पाणी भर. गाल दाबून पाण्याची बारीक चिळकांडी उडव आणि त्याच वेळी नाकाने श्वास घे. पहिल्यांदा हसू येईल आणि सगळं पाणी सदऱ्यावर सांडेल. सांडू दे! दहाव्यांदा जमेल.

चला, आता गाडी धुळ्याकडे. पांझरा नदी आली! आणि हा कसला धूमधडाका? लग्नाची वरात! खान्देशातलं लग्न आणि बॅण्ड नाही, असं कसं होईल?

तो चकचकीत ट्रम्पेट बघ. जिलबीसारखा वळवलेला आहे ना? त्याची नळी सरळ केली तर केवढी होईल, सांग. जवळजवळ दीड मीटर! म्हणजे तुझ्यापेक्षाही उंच असेल कदाचित! आणि तो सगळ्यात मोठा, अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घेतात तो बाजा? काही बाज्यांची नळी उलगडली तर पाच मीटरच्याही पुढे जाते! नळी जितकी लांब, तितका आवाज खोल. एवढी लांब नळी हातात धरून वरातीत नाचायचं कसं? म्हणून तिची जिलबी करायची!

वरात पुढे गेली. आपणही पुढे जाऊ. धुळ्याहून जळगाव नव्वदेक किलोमीटर. पारोळा, मग एरंडोल. वाटेत भूक लागली तर भरीत आणि कळण्याची भाकरी आहेच.

थांब थांब! मंडप दिसतोय. हरिनाम सप्ताह चाललाय. कीर्तन सुरू व्हायचंय, आणि पखवाजवाले दादा काय करतायत बघ. कणीक मळतायत! भूक लागलीय का त्यांना?

छे! भूक लागलीय पखवाजाला!

दादांनी कणकेचा ओला गोळा घेतला आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापला. अगदी भाकरी थापावी तसा. मग एक थाप मारली. धुम्म! मंडप भरून गेला. या डाव्या तोंडाला नावच आहे धुम!

कणकेने असं काय केलं? तुझं दप्तर रिकामं असतं तेव्हा तू टणाटण उड्या मारत शाळेत जाशील. पण सगळी पुस्तकं, वह्या, डबा, बाटली कोंबली की? पावलं जड पडतात, हळू पडतात. कणकेने पखवाजाच्या कातड्याच्या पाठीवर असंच दप्तर दिलं! आता कातडं हळू थरथरतं. आणि हळू थरथरलं की आवाज खोल, गंभीर येतो. भराभर थरथरलं की बारीक, उंच.

कीर्तन संपलं की ही कणीक खरवडून काढतात. वाळली की तिला तडे जातील ना! पुढच्या वेळी पुन्हा ताजी कणीक. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाआधी पखवाज ताजं ताजं जेवतो! मुक्ताईनगरहून आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. तिच्या दिंड्यांतल्या पखवाजांनी वाटेत किती कणीक खाल्ली असेल, विचार कर!

आलं जळगाव! दिवे लागले. नाट्यगृहाबाहेर गर्दी झालीय. जानेवारीच्या सुरुवातीला इथे बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो.

बालगंधर्व कोण, माहीत आहे? त्यांचं खरं नाव नारायण राजहंस. लहानपणी हा नारायण याच जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकला. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला नाव पडलं ‘बालगंधर्व’! पुढे त्यांनी नाटकांत बायकांची कामं केली. ती इतकी सुंदर, की खऱ्याखुऱ्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या!

त्यांचा जन्म १८८८ सालचा. हा आकडा लक्षात ठेव. लागणार आहे!

चल, आत जाऊन बसू. पहिल्या रांगेत, म्हणजे सगळं दिसेल.

तबला बघ. मधोमध काळा गोल दिसतोय ना? त्याला म्हणतात शाई. पण ती पेनातली शाई नव्हे. लोखंडाची बारीक पूड आणि पिठाची खळ! स्वयंपाकघरातलं पीठ इथेही पोचलं! कारागीर तिचा एक थर, मग आणखी एक थर, असे लावत जातात आणि दगडाने घासत राहतात.

तेलाचा रिकामा डबा बडव. कसा आवाज येतो? खडखडाट! बाई वर्गाबाहेर गेल्या की सगळी मुलं एकदम ओरडतात ना, तसा. डब्याच्या पत्र्यात एकाच वेळी वेगवेगळ्या थरथरी चालू असतात, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. साध्या ढोलाच्या कातड्याचंही असंच होतं. पण तबल्यावर ती शाई आली, की बाई वर्गात परत आल्या! सगळ्या थरथरी एका ओळीत उभ्या राहतात. जणू प्रार्थना सुरू झाली. म्हणून तबल्यातून नुसता ‘धप्प’ असा आवाज येत नाही, चक्क सूर येतो!

हे कुणी शोधून दाखवलं? सी. व्ही. रामन यांनी! तेच, ज्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२० साली त्यांनी तबल्या-मृदंगावर शोधनिबंध लिहिला. त्यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरली आणि वाजवून पाहिलं. वाळू नाचली आणि नाचता नाचता तिच्या रेघा झाल्या! जिथे कातडं हलत नव्हतं तिथे वाळू जमली. थरथर डोळ्यांना दिसली!

आता तो आकडा काढ. रामन यांचा जन्म कधीचा असेल? १८८८! नारायण जूनमध्ये जन्मला, रामन नोव्हेंबरमध्ये. एकाच वर्षी! एकाने सूर गाऊन दाखवला, दुसऱ्याने सूर उलगडून दाखवला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी वेळ तो आकडाच बघत बसलो होतो.

मागे दोन तंबोरे आहेत. खालचा गोल भाग कशाचा? भोपळ्याचा! पुन्हा भोपळा! पण हा भाजीचा नाही, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो, वाळतो आणि मिरजेच्या कारागिरांकडे जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे ‘ही वस्तू खास या गावची’ असा सरकारी शिक्काच!

तंबोऱ्याला चार तारा. प्रत्येक तारेखाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, एक इवलासा सुती दोरा असतो. रिळातला दोरा! तो केसभर इकडे-तिकडे सरकवला की तार नुसती ‘टंग’ म्हणत नाही. ती गुणगुणते. झंऽऽऽऽ. थरथरणारी तार घोडीला हळूच स्पर्श करत राहते, आणि एका सुरातून किती तरी बारीक सूर बाहेर पडतात. याला म्हणतात जवारी. जवारी लागली की तंबोरा उजळतो. अगदी दिवा लावल्यासारखा!

आणि नाट्यगीतांच्या मैफलीत कधी कधी दिसतो तो ऑर्गन. वादक खाली पायाने पायटे हलवतो, जणू शिलाई मशीन चालवतोय! पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणि ऑर्गन सख्खे नातेवाईक. दोन्हींत धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात. पण एक फरक ऐक. पेटी हवा बाहेर फुंकते आणि ऑर्गन हवा आत ओढून घेतो! तू शिट्टी वाजवतेवेळी श्वास आत घेऊन बघ. तशीही शिट्टी वाजते की नाही?

या पेटीवर एकदा मोठं संकट आलं होतं. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली. थेट १९७१ सालापर्यंत! का? बागेतली घसरगुंडी आठव. तिला एका बाजूला पायऱ्या असतात आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत उतार. पेटीत आहेत पायऱ्या. एका सुरावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते. आपल्या गाण्याला तर घसरगुंडी लागते, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद ओघळायला. म्हणून काहींना वाटलं, पेटी गाणं बिघडवेल. पण गायकांनी तिला सोडलं नाही. मला त्यांचं पटतं. पायऱ्याही हव्यात आणि घसरगुंडीही, तरच बागेत मजा!

शूऽऽ! दिवे मंद झाले. तंबोरे सुरू झाले. डोळे मीट. आधी काहीच वेगळं वाटणार नाही. मग हळूहळू तो सूर खुर्चीच्या दांड्यातून, छातीतून, पोटातून जाणवू लागेल. डोंगरात शेकोटीपाशी काशाची थाळी अशीच गात होती ना?

रात्री उशिरा आपण घरी. पाय दुखतायत. आई ताट वाढायला उठते, आणि अंधारात हात लागून फळीवरची थाळी खाली पडते. ठण्णऽऽऽऽ!

थांब! लगेच उचलू नकोस. कान दे आणि मोज. एक... दोन... तीन... चार...